वैष्णवीचं हॉलंड आणि किशनची थंड खोली

तीर्थरूप बाईच्या चरणी धाकटा भाऊ पुंजाजी याचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझा राग अजून उतरला नसेल आणि नमस्कार घ्यायचा नसेल, तर तो भाऊजींकडे वळता करावा. त्यांनी आजवर कोणाचा नमस्कार परत पाठवल्याचं ऐकिवात नाही. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला का? धनजकडे पाऊस बरा आहे असं ऐकतो. आमच्याकडेही बरा आहे, म्हणजे भेंडीला बरा आहे आणि टमाट्याला वाईट आहे. खरं तर फोनच करणार होतो, पण आखाजीला तू आमच्या घरून भरलं ताट सोडून गेलीस तेव्हापासून माझा नंबर दिसला की तुझा फोन आपोआप बंद पडतो, असं भाऊजी सांगतात. (यंत्रातच बिघाड असेल, बाई असं मुद्दाम करणार नाही, असं मी तुझ्या भावजयीला, मंजुषाला म्हणालो. ती नुसती हसली.) म्हणून हे पत्र कारंजाच्या जीपवाल्याच्या हाती देतो आहे.

आखाजीला तू वैष्णवीसाठी आणलेलं स्थळ चांगलंच होतं, यात वाद नाही. घर मोठं, जमीन काळी, मुलगा शांत. आमच्या पोरीनं मुलाच्या फोटोकडे पाहिलं नाही, त्याच्यामागं उभ्या असलेल्या ट्रॅक्टरकडे पाहिलं आणि त्याची देखभाल नीट होत नाही असं सांगितलं, ही तिची चूक झाली. पण त्याच आठवड्यात तिचं हॉलंडचं नक्की झालं. तिथल्या एका विद्यापीठात ती भाजीपाल्याचं पुढचं शिक्षण घेणार, आणि खर्चही तेच उचलणार. आता बाई, तू म्हणशील की भाजीपाल्यात शिकायचं काय असतं. तू एकटीच तसं म्हणत नाहीस. आपल्या मळ्यातली वांगी बाजारात नेऊन विकते ना, ती मोतीबाई, ती तर मला बांधावर उभं करून म्हणाली, ‘‘आवो पुंजाभाऊ, वांगे कसे लावा हे शिकायले पोरगी इमानात धाडता? तुमच्या वावरात का वांगे कमी हायेत?’’ मी तिला समजावून सांगितलं की तिकडे काचेच्या घरात, मातीशिवाय भाज्या पिकवतात. तिनं डोक्यावरची पाटी बांधावर उतरवली. मग म्हणाली, ‘‘मातीच नाही, मंग निंदतात कायले?’’ रात्री वैष्णवीला विचारलं तर तिनं इतकं लांब उत्तर दिलं की मोतीबाईचा प्रश्नच मला जास्त पटला.

पुढचा धक्का गोविंदसिंग यांनी दिला. (माजी सरपंच. माजी होऊन बरीच वर्षं झाली, पण ही गोष्ट त्यांना अजून कोणी नीट कळवलेली दिसत नाही.) त्यांनी कुठंतरी वाचलं की हॉलंडची बरीचशी जमीन समुद्राच्या पातळीखाली आहे. झालं, त्या दिवसापासून पारावर जो भेटेल तो विचारू लागला, ‘‘पोरीले पोवता येते का?’’ पाण्याची भीती मी मनावर घेतली नाही, कारण एवढा मोठा देश बुडायचा असता तर आमच्या पोरीसाठी थांबला नसता. मी मनावर घेतली ती थंडी. तू तर जाणतेस, आपल्याकडे संक्रांतीला पहाटे अंगावर पाणी घेताना ही पोरगी अख्ख्या वाड्याला जागं करायची. तिचं तिकडे बर्फात कसं होणार? मंजुषा म्हणाली, तिकडची माणसं जगतातच ना. पण बाप म्हणून आपण काही तयारी करून घ्यावी असं मला वाटलं, आणि तिथूनच सगळं बिघडलं.

शेलूबाजारला किशननं शीतगृह काढलं आहे. (माझ्यासोबत दहावीला होता तो. मी पास झालो आणि वांगी लावली, तो नापास झाला आणि त्याच्याकडे शीतगृह आहे. असो.) तिथं एक खोली बटाट्याची आणि एक सफरचंदाची. मी म्हणालो, किशन, पोरीला जरा आत बसवून पाहू, सोसते का ते कळेल. तो म्हणाला, बटाट्याला सोसते तर पोरीला काहून नाही? वाशीमहून तिच्यासाठी जाड जॅकेट आणलं होतं, ते तिला घातलं, आणि तिला धीर यावा म्हणून मीही सोबत आत गेलो. अंगात सदरा होता. बापाला वेगळं जॅकेट कशाला, असा माझा विचार. किशननं दार लोटलं आणि तो चहाला गेला. जाता जाता बाहेरची कडी आपोआप पडली, हे त्यालाही कळलं नाही आणि आम्हालाही नाही.

सुरुवातीला फार मजा वाटली. पोरगी बटाट्याच्या पोत्यावर बसून शेंगदाणे खात होती. मग माझ्या दातांनी आपापसात काहीतरी भांडण सुरू केलं. मी तिला विचारलं, थंडी वाजते का? ती म्हणाली, ‘‘मले नाही वाजत बाबा, पण तुमचे ओठ निळे पडून राह्यले. चला बाहेर.’’ दार उघडेना. हाका मारल्या. त्या खोलीच्या भिंती इतक्या जाड आहेत की आतला आवाज बटाटेसुद्धा ऐकत नसतील, आणि फोन माझ्या मोटरसायकलच्या डिक्कीत, तिचा चार्जिंगला. मी खरं सांगतो बाई, मी घाबरलो. ती नाही घाबरली. तिनं आपलं जॅकेट काढलं, मला घातलं, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि म्हणाली, ‘‘बसू नका. उचला पोतं.’’ मग बापलेकींनी मिळून इकडच्या भिंतीची पोती तिकडे लावायला घेतली, अंग गरम राहावं म्हणून. मी थांबलो की ती ओरडे. लहानपणी मी तिला पाढे म्हणायला लावायचो, अगदी तोच आवाज. किशनचा चहा आणि त्यावरचं राजकारण एकदाचं आटोपलं आणि त्यानं दार उघडलं, तेव्हा मी पाठीवर पोतं घेऊन उभा होतो. तो जीव वाचल्याचा आनंद करायचं सोडून म्हणाला, ‘‘अरे पुंजा, शेतकऱ्या-शेतकऱ्याचे पोते वेगळे लावून ठेवले होते मी! सारे मिसळून टाकले का लेका?’’

परीक्षेत पोरगी पास झाली आणि मी आजारी पडलो. ताप असा की उतरेना. छातीत घरघर. डॉक्टर म्हणाले, एवढ्या पावसाळी उकाड्यात तुम्हाला ही थंडी लागली कुठून? मी म्हणालो, हॉलंडची आहे. त्यांनी तापाची गोळी वाढवली. या काळात भेंडीची तोडणी, वांग्यावरची फवारणी, बाजारचा माल, सगळं वैष्णवीनं सांभाळलं. मंजुषा होती जोडीला, पण पहाटे उठून मळ्यात जाणारी पोरगी होती. आणि घरी आली की माझ्या कपाळाला हात लावून पाहायची आणि उरलेल्या गोळ्या मोजायची. ते मोजणं मला आवडत नव्हतं.

अशात गोविंदसिंगांनी पोरीचा सत्कार ठरवला. मी म्हणालो, मला बरं वाटू द्या, पण बॅनर छापून झालं होतं. त्यावर वैष्णवीचा फोटो लहान आणि गोविंदसिंगांचा मोठा. त्यांनी भाषणात स्वतःच्या नेपाळच्या यात्रेचं वर्णन केलं, परदेशात पाण्याचा फार त्रास होतो हे सांगितलं, आणि मग मला दोन शब्द बोलायला उभं केलं. मी जॅकेट घालूनच गेलो होतो. (तिचंच. अजून हुडहुडी भरत होती.) काय बोलावं सुचेना, म्हणून वांग्याच्या शेंडेअळीवर बोललो. चांगलं बोललो. लोकांनी प्रश्नसुद्धा विचारले. मग शेवटी म्हटलं आता पोरीबद्दल एक वाक्य बोलून बसावं. ‘आमची वैष्णवी’ एवढं म्हणालो आणि पुढं घशातून काही निघेना. खोकला होता तो. डॉक्टरांनी सांगितलंच होतं की खोकला येईल. पण पोरीनं माझ्या हातातून माईक घेतला आणि अख्ख्या गावासमोर म्हणाली, ‘‘मी यंदा जाऊन नाही राह्यली. बाबाची तब्येत ठीक नाही. पुढच्या साली पाहू.’’

लोक टाळ्या वाजवायच्या तयारीत बसले होते, त्यांनी वाजवल्या. गोविंदसिंग शाल आणि नारळ हातात घेऊन तसेच उभे. द्यावा की न द्यावा हा पेच त्यांना पडला. शेवटी त्यांनी नारळ तिला दिला आणि शाल स्वतःजवळ ठेवली, पुढच्या साली लागेल म्हणून.

घरी आल्यावर मंजुषानं मला चांगलं फैलावर घेतलं. ‘‘पोरीची थंडी पाह्यले गेले, न स्वतः आडवे झाले. आता उठा न तिले धाडा.’’ कारण बाई, पुढच्या साली काही नसतं. विद्यापीठानं स्पष्ट कळवलं आहे की यंदा आली नाही तर सगळं पहिल्यापासून, आणि खर्च उचलायचंही बंधन नाही. पोरगी मात्र हटून बसली. मी ठणठणीत आहे हे तिला पटावं म्हणून परवा फवारणीचा पंप पाठीवर घेऊन तिच्यासमोरून बांधाबांधानं पळत गेलो. चिखलात पाय घसरला. आता कंबरही धरली आहे. तिनं बॅगेतले कपडे काढून कपाटात परत लावले.

तर एकूण आमच्याकडे सर्व क्षेम आहे. तू घरातली वडीलधारी, म्हणून एकदा येऊन आम्हा सर्वांना आशीर्वाद द्यावास, एवढीच इच्छा. पोळ्याच्या आधी आलीस तर बरं. भाऊजींना नमस्कार, आणि खोकल्याला अडुळसा घ्यावा.

तुझा आज्ञाधारक भाऊ,
पुंजाजी

ता. क. : आशीर्वादाचं वर लिहिलं ते रीत म्हणून. खरं काम वेगळं आहे. बाई, तू येऊन वैष्णवीला जायला सक्त मनाई कर. आठव, तू म्हणालीस सायन्स घेऊ नको, तिनं सायन्स घेतलं. तू म्हणालीस पोरीच्या जातीनं स्कुटी चालवू नये, ती दुसऱ्या दिवशी स्कुटीवरून तुझ्याच दारात आली. तू आणलेल्या स्थळाचं तर ताजंच आहे. आम्ही दोघं हात जोडून ‘जा’ म्हणतो, त्यानं काही होत नाही. तू एकदा ‘जाऊ नको’ म्हण, ती त्याच संध्याकाळी बॅग भरेल. तुझ्यासारखं ठासून नाही म्हणणारं आपल्या घरात दुसरं कोणी नाही. हे मी कौतुकानं लिहितो आहे.

ता. क. दुसरा : हे मी सांगितलं असं तिला कळू देऊ नको. तुला मनापासून विरोध आहेच, त्यामुळे नाटक करावं लागणार नाही, ही मोठी सोय आहे. आणि चुकून तिनं तुझं ऐकलंच, तर मात्र लगेच माघार घे.

ता. क. शेवटचा : लग्नाचं बोल, लोक काय म्हणतील ते बोल, आवाज चढव, मला चार शिव्या दे, सगळं चालेल. फक्त ‘तू गेल्यावर तुझ्या बापाकडे कोण पाहील’ हे वाक्य तेवढं घेऊ नको. त्याचं उत्तर तिच्याजवळ नाही, आणि मी शेजारच्याच खोलीत असेन.