दानाच्या उजव्या कानात

मुहर्रक,
गुरुवार, ५ ऑक्टोबर

प्रिय मिशाल,

तुझे एकोणीस तारखेचे तिकीट पक्के झाल्याचे दाना मंगळवारी सांगून गेली. तिची प्रकृती उत्तम आहे. पायांना थोडी सूज आहे, पण डॉक्टरांना त्याची काळजी वाटत नाही. तुझ्या हिस्सावहिनीने तिच्यासाठी शेवयांचा गोड बलालीत केला होता. दोन वाट्या खाऊन तिसरीकडे पाहत ती म्हणाली, "काकू, ही भूक माझी नाही हं, आतल्या माणसाची आहे." हिस्सा म्हणाली, "आतल्या माणसाला सांग, बाहेर ये आणि स्वतःच्या हाताने खा." दोघी इतक्या हसल्या की मला वर्तमानपत्र खाली ठेवावे लागले. तिकडे तुझ्या नोकरीच्या गावी, तुलूझला, पावसाळी हवा असेल. आपल्याकडे अजून संध्याकाळी पाचपर्यंत भिंतीला हात लावता येत नाही.

आता जे लिहायचे आहे ते क्रमाने लिहितो. तू मला लहानपणापासून "दादा, मुद्द्यावर ये" म्हणून चिडवत आला आहेस, तरीही क्रमानेच लिहितो. सत्तावन्नाव्या वर्षी माणसाची पद्धत बदलत नाही.

आपल्याकडे पुरुषाला त्याच्या पोराच्या नावाने हाक मारतात. तुला दाना झाली त्या दिवसापासून तू सगळ्या मुहर्रकचा बू दाना झालास. मला मूल नाही. पण सुलेमान नावाच्या माणसाला रिकामे ठेवायचे नाही, म्हणून लोक सुलेमान पैगंबरांच्या वडिलांचे नाव जोडून मला बू दाऊद म्हणतात. म्हणजे जो दाऊद कधी जन्मलाच नाही, त्याचा मी बाप. मजलिसीत कॉफीचा पेला पुढे करताना कोणी "घ्या, बू दाऊद" म्हणाले की गेली तीस वर्षे मी हसून पेला घेतो आणि लगेच, माझ्याही नकळत, तुझ्याकडे पाहतो. तू कधी पाहिले नाहीस. तू तेव्हा बहुधा बोलत असायचास.

तू नेहमीच बोलत असायचास आणि लोक ऐकत असायचे. मी बंदरावरच्या कस्टम्समध्ये मालाच्या पेट्या मोजत होतो. तू विमानतळावर, प्रवाशांना उडत्या विमानातून जमिनीवर बोलता यावे म्हणून आसनांमध्ये फोन बसवत होतास. दोन्ही कामे प्रामाणिक, पण आईला विचारले असते तर? आपल्या घरावरून विमान गेले की ती गच्चीवर जाऊन हात हलवायची. मी म्हणायचो, "आई, मिशाल त्या विमानात नाही. तो खाली कार्यशाळेत आहे." ती म्हणायची, "तुला काय ठाऊक? तुझ्या पेट्या काय उडतात?" ती हे प्रेमाने म्हणायची, आणि म्हणूनच ते मला अधिक लागायचे. तिच्या दुखऱ्या गुडघ्यांना रोज तेल लावणारा मी होतो. पण शेजारणींना ती सांगायची ते तुझ्याविषयी.

दानाच्या जन्माची गोष्ट तू इतक्या वेळा सांगितली आहेस की ती मला तुझ्याच आवाजात आठवते. आज मी ती माझ्या बाजूने सांगतो.

नव्या फोनची चाचणी घेण्यासाठी तू लंडनला गेला होतास आणि त्याच विमानाने परतत होतास. मोझाच्या बाळंतपणाला अजून तीन आठवडे अवकाश होता. पण सकाळी नऊला तिला कळा सुरू झाल्या आणि दुपारच्या नमाजानंतर वीस मिनिटांनी दाना जन्मली. मोझा ग्लानीत होती. प्रसूतिकक्षाबाहेरच्या बाकावर आई पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. ती मला म्हणाली, "सुलेमान, बाप आभाळात आणि लेकरू जमिनीवर. वाट कुणाची पाहायची? तू थोरला आहेस. तू दे अजान."

मिशाल, त्या क्षणी मला काय वाटले ते मी हिस्सालाही कधी सांगितलेले नाही. आमच्या लग्नाला तेव्हा सहा वर्षे झाली होती. दोन डॉक्टरांनी सांगून झाले होते आणि तिसऱ्याकडे जायचे आम्ही सोडून दिले होते. बाळाच्या कानात पहिले शब्द घालायचे, अल्लाहचे नाव तिने पहिल्यांदा ऐकावे ते आपल्या तोंडून, असा प्रसंग माझ्या आयुष्यात येणार नाही हे मी स्वीकारले होते. आणि तो आईने माझ्यासमोर ठेवला. मी नळाखाली हात, तोंड, पाय धुऊन वुजू केला. बाह्या खाली केल्या. हात पुसले, पुन्हा पुसले. वाकलो. तिच्या कानावरची लव मला अजून दिसते.

तेवढ्यात टेबलापाशी बसलेली नर्स, ती केरळची अलियम्मा, ओरडली, "विमानातून फोन! अहो, विमानातून फोन आहे!"

तू चाचणीचा पहिला फोन घरी केला होतास. शेजारच्या बाईंनी उचलून तुला बातमी दिली आणि तू लगेच रुग्णालयाचा क्रमांक फिरवलास. सगळा वऱ्हांडा उठून उभा राहिला. ज्यांच्या घरचे कोणी जन्मले नव्हते तेही टेबलाभोवती जमले. आईने पोर कवटाळूनच धाव घेतली. "मिशाल! कुठं आहेस रे?" "आई, कुवेतच्या वर." "तिथं थंडी आहे का? अंगावर काही घेतलंस का? मोठ्यानं बोल, लांबून बोलतोयस!" लोक हसत होते, रडत होते. मग तू म्हणालास, "दादाला दे." मी फोन कानाला लावला. तुझा आवाज आकाशातून जाऊन यायचा म्हणून एक क्षण उशिरा पोचत होता. तू विचारलेस, "दादा, अजान झाली?"

खोटे बोलायला तो एक क्षण पुरेसा होता. पण मी म्हणालो, "नाही."

"मग थांब. मीच देतो. फोन तिच्या उजव्या कानाला लाव."

एवढेच. "तू देणार होतास का" असे तू विचारले नाहीस. विचारायचे तुला सुचले नाही, हे मला ठाऊक आहे. तुला ते कधीच सुचत नाही. तीन माणसे पुढे बसली असली तरी ताटातला मोठा मासा तू तसाच उचलतोस. वाईटपणा नसतो त्यात. मासा तुझ्यासमोरच आहे, असे तुला मनापासून वाटते.

आईने पोरीला टेबलाजवळ धरले. मी उजव्या हाताने फोन तिच्या कानाशी धरला. तार आखूड होती, म्हणून यंत्र टेबलावरून घसरू नये यासाठी डावा हात त्यावर ठेवला होता. "अल्लाहु अकबर" चार वेळा झाले. तुझा आवाज बारीक, खरखरीत, पण सुंदर होता. तो तुझा नेहमीच सुंदर होता. मग लाइन तुटली, असे मी आजवर स्वतःशीही म्हणत आलो आहे. कोणाच्या लक्षात आले नाही. बायका आनंदाने जिभा हलवून किलकारत होत्या, आई डोळे मिटून रडत होती. मी आणखी वाकलो, ओठ पोरीच्या कानापाशी नेले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत संपूर्ण अजान तिच्या कानात कुजबुजलो. लोकांना वाटले, मी फोन नीट धरतो आहे. दाना रडली नाही. तिने डोळे उघडले.

म्हणजे तिने पूर्ण ऐकलेली पहिली अजान माझी आहे. तुझ्या त्या चार हाकांनंतरचे सारे माझे आहे. दोन तासांत तू विमानतळावरून धावत आलास आणि विचारलेस, "सगळी ऐकू गेली ना? शेवटी मी 'दादा, दादा' केलं तर पलीकडे सामसूम." मी सांगितले, "शेवटच्या शब्दापर्यंत ऐकली. मग तुटला." तू मला मिठी मारलीस.

त्यानंतर एकोणतीस वर्षे मी तुझी गोष्ट ऐकत आलो. मजलिसीत, साखरपुड्यात, आई गेल्याच्या तिसऱ्या दिवशी सांत्वनाला आलेल्यांनासुद्धा तू ती सांगितलीस. दानाने शाळेत निबंध लिहिला, "मी ऐकलेले पहिले शब्द आकाशातून आले." त्याला बक्षीस मिळाले, आणि बक्षीस दाखवायला ती सर्वांत आधी माझ्याकडे आली. मी तिला गुरुवारी हलवा आणून द्यायचो. ती पेन्सिली लांबीप्रमाणे लावून ठेवायची. माझ्यासारखी दार दोनदा ओढून पाहायची. अशी प्रत्येक गोष्ट मी मनात जमा करत गेलो आणि तुझ्याकडे पाहून स्वतःशी म्हणत राहिलो: बोल बाबा, बोल. पोरगी कोणाची आहे ते मला ठाऊक आहे.

हे लिहिताना मला लाज वाटते. पण तिच्याहून मोठी लाज दुसऱ्या गोष्टीची आहे. तू कामात माझ्याइतकाच काटेकोर. चाचणीच्या अहवालात तू लिहिलेस की त्या आसनावरचा फोन बोलणे चालू असताना बंद पडला. मग तू त्याचे कारण शोधत बसलास. ते तीन महिने मला आठवतात. जुलैच्या उन्हात तू विमानाच्या पाठीवर चढून अँटेनाचे जोड उघडायचास. आसनाखालच्या तारा दोनदा बदलल्यास. कार्यशाळेतले लोक तुला "काय रे, भूत सापडलं का?" असे विचारायचे. घरी येऊन तू जेवणाचे ताट बाजूला सारायचास आणि म्हणायचास, "दादा, दोष असल्याशिवाय लाइन तुटत नाही. कुठेतरी आहे तो. मला दिसत नाही." मी तुझ्यासमोर बसून भात कालवत होतो. अखेर वरिष्ठांनी तुझ्या नावापुढे "दोष शोधता आला नाही" असे लिहिले, आणि विभागप्रमुखाची जागा दुसऱ्याला गेली. तू त्या वर्षी पहिल्यांदा महिनाभर गप्प होतास. खरे सांगतो, तुझी ती शांतता मला पहिले काही दिवस आवडली.

मंगळवारी दाना निघताना दारात थांबली. म्हणाली, "काका, तुम्हाला एक काम आहे. एकोणीसला सकाळी दहाला माझं ऑपरेशन, आणि बाबांनी मुद्दाम असं तिकीट काढलंय की तेव्हा ते विमानात असतील. तिथूनच अजान देणार. माझ्या नवऱ्यानंही हा मान त्यांनाच दिलाय. बाबांच्या कंपनीची माणसं चित्रण करणार आहेत. फोन तुम्ही धरायचा. माझ्या वेळी धरला होता ना, तस्साच!" तिने माझ्या कपाळाचे चुंबन घेतले आणि गेली. हिस्सा म्हणाली, "अहो, असे काय उभे राहिलात? दार लावा. गारवा बाहेर चाललाय." मी दार लावले. आणि मिशाल, मी मनातल्या मनात हिशेब करू लागलो होतो की फोन धरताना माणसांकडे पाठ कशी करता येईल, आणि या नव्या फोनवर बोलणे बंद करायची खूण नेमकी कुठे असते.

म्हणून हे पत्र, आणि ते कुरियरने. कारण फोनवर मी तुला एकदा फसवले आहे. लाइन तुटली नव्हती. यंत्रावर ठेवलेल्या माझ्या डाव्या हाताच्या अंगठ्याने, फोन ठेवल्यावर दबते ती खुंटी दाबली. चौथ्या "अल्लाहु अकबर"नंतर, समजून उमजून. अलियम्माने पाहिले. नंतर आईच्या हातातून पोर घेताना माझ्या दिशेला तिने पाठ केली, एवढेच. तुझ्या विमानात दोष नव्हता, तुझ्या तारांत नव्हता, अँटेनात नव्हता. तू तीन महिने जे शोधलेस ते रोज तुझ्यासमोर जेवायला बसत होते. हे दानाला सांगायचे की नाही ते तू ठरव. तू सांगितलेस तर मी नाकारणार नाही. माझी मागणी एकच आहे. तिकीट बदल. सतराला ये, अठराला ये, पण एकोणीसला दहा वाजता त्या वऱ्हांड्यात स्वतःच्या पायांवर उभा राहा. पोराला तुझ्याच हातात घे आणि तुझ्याच तोंडाने त्याच्या कानात सांग, मध्ये कोणाचाही हात नको. मी त्या दिवशी रुग्णालयात येणार नाही. हिस्साला मी सांगितले आहे की मला बंदरावर काम आहे. आयुष्यभर तुझा हेवा केला, त्यात मी तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला इतके ओळखलेही नाही. मला क्षमा करायची घाई करू नकोस. आधी ये.

तुला फोनवरून तोडणारा, आणि तरीही तुझाच,
दादा
सुलेमान