हाल्वरने एकही नियम मोडला नाही

थीफ रिव्हर फॉल्स, मिनेसोटा
९ नोव्हेंबर

ती. अर्डिसताईस,

धाकट्या ऑर्विलचा वाकून नमस्कार (गुडघे वाकू देतात तेवढं वाकून). तुझे गुडघे कसे आहेत? अ‍ॅरिझोनाच्या उन्हाने ते सुधारले, असं तुझी लेक कोरिन कळवते. इकडे नदी काठाकाठाने गोठायला लागली आहे. माझी तब्येत ठणठणीत आहे, म्हणजे डॉक्टरला अजून विचारलेलं नाही.

पत्रास कारण की, तिनेच मी निवृत्त झालो तेव्हा पाठवलेल्या त्या गेमच्या यंत्रावर मी असं काही करून दाखवलं आहे की ते घराण्यात कुणाला तरी कळायलाच हवं. सुरुवातीला मी तो खेळ चारचौघांसारखाच खेळलो. मेलो की आधीचा सेव्ह (म्हणजे जपून ठेवलेला मागचा टप्पा) उघडायचा, नकाशावर गाव निवडलं की थेट तिथे टपकायचं आणि दिसेल त्याच्या घरात घुसून कपाटातलं चीज खायचं. तीन आठवड्यांत राज्य वाचवलं आणि मला ढिम्म काही वाटलं नाही. मग मी स्वतःचे नियम केले. सगळा प्रवास पायी (एकतीस वर्षं टपाल वाटलेला माणूस आभाळातून पडत नसतो). कुणाच्या दारात गेलं की आधी दहा आकडे मोजायचे, कारण दार ठोठावायचं बटणच त्यात नाही. विचारल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे मेला तर मेला, पुन्हा सेव्ह उघडायचा नाही. कागद फ्रिजवर लावला आणि साक्षीदार म्हणून शेजारच्या डेल्मरची सही घेतली. (डेल्मर म्हणजे ज्याच्याबरोबर नाचायला तू नकार दिला होतास तो. त्याला आठवतं.)

नायकाचं नाव ठेवलं हाल्वर, आपल्या वडिलांचं. त्यामुळे तर माझी आणखीच पंचाईत झाली. एक साधा लांडगा आला तरी छातीत धडधड. पण ताई, खेळाला चव आली ती तेव्हापासून. तीन वर्षं मी हाल्वरला जिवंत ठेवला आणि त्या राज्यातला पूल न् पूल मला पाठ झाला. शेवटचं एकच काम राहिलं होतं. ड्रॅगनने पळवलेली गावची घंटा परत आणायची. त्यासाठी राणी आग अडवणारी ढाल देते आणि ती ढाल नसेल तर ड्रॅगनपुढे कुणाचा टिकाव लागत नाही.

गेल्या मंगळवारी राणीने ढाल पुढे केली. मी अर्थातच ‘नको’ निवडलं. आता तूच सांग, पहिल्याच विचारण्याला हो म्हणायला आपल्याला काय हावरटासारखं वाढवलं होतं? दुसऱ्यांदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा ‘बरं, एवढा आग्रहच असेल तर’ म्हणायचं, असा माझा बेत होता. राणी म्हणाली, “जशी तुझी मर्जी,” आणि तिने तोंड फिरवलं. मी दरबारात चाळीस मिनिटं उभा राहिलो. राजवाड्याला फेरी मारून परत आलो. ती आपली हवापाण्याचंच बोलत राहिली.

डेल्मर म्हणाला, “अरे बाबा, ती राणी बाहेरगावची. तिला काय ठाऊक आपली रीत? उघड तो जुना सेव्ह, कोण बघतंय?”

“तू बघतोयस. सही तुझीच आहे.”

मी ढालीशिवाय निघालो. गुहेच्या तोंडाशी दहा आकडे मोजले, आत गेलो तर ड्रॅगन घरी नाही आणि घंटा समोरच! डेल्मर खुर्चीतून उठून ओरडला, “उचल आणि पळ, लेका! चोराच्या घरात परवानगी कसली मागतोस?” मोह झाला ताई, खोटं कशाला बोलू. पण वडिलांच्या नावाच्या माणसाने मालक घरात नसताना वस्तू उचलायची? मी मालकाची वाट बघत उभा राहिलो. तो आला. पुढचं सगळं फार लवकर आटपलं.

पडदा काळा झाल्यावर डेल्मरने टोपी काढली. माझेही डोळे भरून आले, पण मान ताठ होती. घंटा आणणारे छप्पन्न मिळतील. नियम न मोडता मेलेला एकटा आपला हाल्वर. हे कोरिनला आणि तुमच्या चर्चमधल्या बायकांना अवश्य सांग.

बाकी क्षेम. गुडघ्यांना ऊन दाखवत राहा.

तुझा,
ऑर्विल

ता. क. नवीन नायक अजून केलेला नाही. घर जरा शांत शांत वाटतं.

ता. क. २. पाच आठवड्यांपूर्वी तू फोनवर म्हणालीस, हा हिवाळा माझ्याकडे काढ. मी नको म्हणालो आणि तू लगेच “बरं” म्हणून लिंबाच्या झाडाची गोष्ट काढलीस. तिकडे राहून तुला चाळीस वर्षं झाली, त्यामुळे विसरली असशील म्हणून लिहितो, ताई. ते पहिलं नको होतं.

ता. क. ३. बॅग भरलेली आहे. पण तुला त्रास होणार असेल तर नकोच. (हे दुसरं.)