उजव्या पंखातली तिसरी फासळी

९ ऑगस्ट १९८१, शारजा

दुसरी सीट, दुसरी सीट, दुसरी सीट! आजच्या पत्रातही तेच. तीन पत्रांत लिहिलं, दादा, एका माणसाचं विमान आहे ते, एकाचंच राहू दे. तर म्हणतो, "तू तिकडे वाळूत बसून मला शिकवू नकोस. विमान मी बांधलंय." मी बांधलंय! आणि मी काय चार वर्षं शेडात नुसता झाडू मारत होतो?

सीटमागची पेट्रोलची टाकी काढून वर, दोन्ही पंखांच्या मधे बसवली म्हणे. मागे वहिनीला बसायला जागा झाली. गणपतीत सिमेंटची गोणी बांधून एकदा उडवून बघणार. मग दसऱ्याला विमानाची पूजा आणि वहिनीला घेऊन गंगापूर धरणावरून चक्कर. तिनं पत्राखाली दोन ओळी टाकल्यात — "भाऊजी, मी गॉगल आणलाय. शेजारणी हसतात. हसू द्या."

मी काय लिहू? वजन वाढेल लिहिलं. गाडीचं जुनं इंजिन, झेपणार नाही लिहिलं. माझ्या पैशांची माती करू नको, हे पण सुनावलं.

खरं ते लिहिलं नाही.

१० ऑगस्ट

दिवसभर होडीचा तळ घासला. हात सोलले. बाकी काही नाही.

१४ ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टी. खोलीत आठ माणसं, पंखा एक. बाकीचे पत्ते खेळतायत. मी डोळे मिटून मखमलाबादला गेलो.

वहिनीच्या माहेरची पत्र्याची शेड. झेंडूच्या टोपल्या ठेवायची. दादानं सासऱ्याकडून मागून घेतली — "मामा, फक्त सहा महिने." दादा कारखान्यात फिटर, रविवारी पुण्याला जाऊन ग्लायडर उडवायला शिकलेला. कारखान्यातून आला की चहासुद्धा न घेता शेडात. मी सातवी नापास, दुसरा धंदा नाही, म्हणून मी पण शेडात. सहा महिन्यांची चार वर्षं झाली. सासरे दर पाडव्याला येऊन विचारायचे, "जावईबापू, हे उडणार हाय का अंडी घालणार हाय?"

पंखावर कापड चढवलं ते दिवस फार आठवतात. पंख भिंतीसारखा उभा करून ठेवलेला. अलीकडे मी, पलीकडे वहिनी. हातभर लांब सुई. मी टोचायची, तिनं पलीकडून ओढायची, पंखातल्या लाकडी फासळीला वळसा देऊन परत माझ्याकडे. तिचा हात हार गुंफणारा! माझी एक गाठ होईपर्यंत तिची सुई परत येऊन उभी. तोंड दिसत नाही म्हणून कापडाआडून काहीही बोलता यायचं. "भाऊजी, झोपलात का? सुई बघा." शेडात गरम व्हायचं, पण तिचं तोंड बंद नाही. एकदा म्हणाली, "गाठ नीट ओढा हो. सैल राहिली तर माझं कुंकू जाईल." आणि हसली. मी पण हसलो.

मग कापड ताणून धरणारं रोगण. डोप म्हणतात. पावसाळ्यात लावायचं नसतं हे आम्हाला कोण सांगणार! सकाळी बघतो तर अख्खा पंख पांढराफटक, पावडर लावल्यासारखा. दादा दोन दिवस जेवला नाही. दिवाळीपर्यंत थांबलो, सगळं खरवडून पुन्हा लावलं. वास मात्र पिकल्या केळ्यांचा. गल्लीतली पोरं दारात यायची — "काका, केळी द्या ना!"

इथे होड्यांच्या रंगाला कसलाच वास नाही. नुसतं डोकं दुखतं.

२१ ऑगस्ट, शुक्रवार

पहिलं उडालं तो दिवस. फेब्रुवारी ७८. दिंडोरी रस्त्याकडच्या माळावर आम्ही महिनाभर दगड वेचले होते. थंडीत सकाळी सकाळी पंखा हातानं फिरवून इंजिन चालू केलं मी. दादा माझ्याकडे बघून म्हणाला, "सर बाजूला." एवढंच. दोन मिनिटं उडाला असेल. मी खालून सावलीमागे धावत होतो, चप्पल कुठे गेली कळलं नाही. सासरे टोपी काढून हातात धरून उभे. विमान टेकलं तेव्हा म्हणाले, "हात्तिच्या! उडलं की!" आणि रडायला लागले.

वहिनीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. विमानावरून आधी, दादावरून नंतर. दादा रुसला होता त्यावर!

कसले दिवस होते. हातात पैसा नाही, काही नाही.

२३ ऑगस्ट

आज लिहितोच.

कुंजूअण्णा म्हणजे इथला माझा उस्ताद, केरळचा म्हातारा सुतार. आज एका जुन्या होडीची फळी काढत होतो. पटाशी नुसती टेकवली तर अख्खी फळी हातात. जोडाची दोन्ही तोंडं गुळगुळीत, काचेसारखी. सरस आहे, चिकटलेलं काहीच नाही. अण्णानं बोट फिरवलं. "देख. अच्छा जोड़ टूटता है तो लकड़ी फटती है. ये जोड़ था ही नहीं. बस दिखता था."

मी पटाशी खाली ठेवली.

एप्रिल ७६ ची दुपार. उजवा पंख. तिसरी फासळी. ही फासळी साधी नाही. खालून येणारा तिरका दांडा तिथेच बसतो, पंखाचा सगळा भार तिथे. म्हणून तिथल्या लाकडाला दोन्ही बाजूंनी पाट्या चिकटवायच्या. मी सरस लावला. तेवढ्यात बाहेरून ओरडा — आलं, आलं! ओझरच्या धावपट्टीकडून जेट आलं होतं, अगदी खालून. मी धावलो. एक गेलं, दुसरं येईल म्हणून थांबलो. दुसरं आलं, तिसरंही आलं. पत्र्याची शेड, एप्रिलचं ऊन. परत आलो तर सरसावर साय धरली होती. बोटाला चिकटत नव्हता.

खरवडून परत लावायचा. तासाभराचं काम. मी तशाच पाट्या दाबल्या, चुका ठोकल्या, शिकंजा आवळला. वरून इतकं सुंदर दिसत होतं!

दादाचा एक नियम होता. कापड चढायच्या आत ज्यानं जो जोड केला त्यानं तिथे पेन्सिलीनं नाव आणि तारीख लिहायची. "उद्या आत कोणी बघणार नाही. म्हणून लिहायचं." मी लिहिलं. भिकन. १८-४-७६. अक्षर सुद्धा चांगलं काढलं.

तीन वर्षं उडतंय, काही झालं नाही, असं मनाला सांगतो. पण ते एकट्या दादाच्या वजनावर. लोकांना सांगितलं पैशासाठी परदेशी चाललो. पैशासाठी नाही. दादा उडाला की मी मान वर करू शकत नव्हतो. आकडे मोजत बसायचो, टेकेपर्यंत. म्हणून पळालो.

आणि आता वहिनी बसणार त्यात.

२४ ऑगस्ट

अर्धी हजेरी बुडवून तार केली. उडू नका, पत्र येतंय. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "कोई मर गया क्या?" म्हटलं, अभी तक नहीं.

२८ ऑगस्ट, शुक्रवार

पत्र लिहिलं. चार वेळा फाडलं. पहिल्यात ऊन फार होतं लिहिलं. दुसऱ्यात सरस जुना होता लिहिलं. तिसऱ्यात वय लहान होतं. अठरा वर्षं म्हणजे लहान! चौथ्यात इतकी माफी मागितली की वहिनीनं वाचलं तर तिला माझीच कीव यावी. ते पण फाडलं.

शेवटी पाचच ओळी. कुठला पंख, कुठली फासळी, काय केलं. टाकलं पेटीत.

२ सप्टेंबर

घरी आज गणपती बसले असतील. तार पोचली का? पोचली असेल तर ऐकेल का? दादा आहे तो! "भिक्याला काय कळतं" म्हणून गोणी बांधून निघाला असेल तर?

अण्णानं विचारलं, "घर में सब ठीक?" मी होडीत डोकं घातलं.

११ सप्टेंबर

पत्र नाही.

१२ सप्टेंबर

नाही.

१९ सप्टेंबर

आलं. अक्षर वहिनीचं. उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं. जसंच्या तसं उतरवतो, कागद घामानं फाटायला आलाय.

"तार आली तेव्हा हे मागे गोणी बांधून बघत होते. चिडले, पण थांबले. पत्र आलं त्या दिवशी कारखान्यात गेले नाहीत. उजव्या पंखाचं कापड कापलं. मी जवळच बसले होते, माझेच टाके कापताना बघवत नव्हतं. खालून दांडा सोडवला, चुका उपटल्या. पाटी बोटानं निघाली भाऊजी. बोटानं! ह्यांनी तिथलं तुमचं नाव वाचलं. मग म्हणाले, लिही.

'भिका, त्या दिवशी बाहेर ये म्हणून हाक मी मारली होती. तू विसरला असशील, मी नाही. हाक माझी. पण नाव तू लिहिलंस. बाकीचे सगळे जोड मी ठोकून बघितले, चांगले आहेत. हा एक राहिला. पंख उघडा ठेवलाय. मी हात लावणार नाही. तुझं नाव खोडून कुणाचं लिहू?'

दसऱ्याला नुसतं हळदकुंकू वाहणार, उडायचं नाही म्हणतात. मी राग धरला नाही असं लिहिणार होते. पण खोटं कशाला लिहू, धरलाय. तुमच्या पाठीत एक धपाटा घालायचाय. — लताबाई."

आयुष्यात पहिल्यांदा पत्राखाली नुसतं 'वहिनी' न लिहिता नाव लिहिलंय तिनं.

हाक दादाची होती! पाच वर्षं मी तो आवाज कुणाचा, हे एकदाही आठवलं नाही.

२१ सप्टेंबर

विचार केला, पैसे पाठवतो. चांगला सुतार लावा, नवं कापड घ्या, माझी सगळी शिल्लक घ्या. दुपारी बँकेत ड्राफ्टच्या रांगेत उभा राहिलो. पुढे चार माणसं होती. माझा नंबर आला. खिडकीतला म्हणाला, कितना? मी म्हटलं, रहने दो.

२३ सप्टेंबर

मालकाशी बोललो. बोललो म्हणजे अण्णा बोलला, मी शेजारी उभा. करार मार्चपर्यंत. आत्ता गेलो तर तिकीट माझ्या खिशातून आणि परत घेणार नाही. मालकानं विचारलं, कशासाठी जातोय, लग्न आहे का? अण्णानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, सांगा, एक जोड राहिलाय.

अण्णानं अरबीत काय सांगितलं कळलं नाही. मालक हसला. मग हसायचा थांबला.

बाहेर आल्यावर अण्णा म्हणाला, "पागल है तू." आणि आपली लहान पटाशी माझ्या पिशवीत टाकली.

२८ सप्टेंबर

मालकाकडून पासपोर्ट परत मिळाला. गुरुवारचं मुंबईचं तिकीट. घरी पाठवायची रक्कम, सप्टेंबर — रुपये शून्य.