बंधाऱ्याच्या डाव्या टोकाची ओल

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
लहान व खासगी धरणे सुरक्षा कक्ष,
दुसरा मजला, खोली क्रमांक नऊ.

विषय : खासगी मातीच्या बंधाऱ्याच्या पाझराचे आकडे चुकीचे कळवल्याची कबुली, आणि खरी ओल पाहण्यासाठी माणूस पाठवण्याची विनंती.

संदर्भ : १) बंधारा पंधरा दिवसांत रिकामा करण्याची आपली नोटीस, जावक क्रमांक ३१७.
२) अर्जदाराचे खोली क्रमांक नऊचे चार हेलपाटे.

महोदय,

१. अर्जदार सदर बंधाऱ्याचा मालक नाही. मालकीण त्याची पत्नी होती. बंधारा तिच्या वडिलांनी बांधला आणि लेकीच्या नावे केला. अर्जदार आयुष्यभर घड्याळे दुरुस्त करत आला, त्यामुळे लग्नानंतर बंधाऱ्याकडे तिने पाहायचे आणि घड्याळांकडे त्याने, अशी वाटणी आपोआप झाली. चार महिन्यांपूर्वी ती आठ दिवसांच्या आजारात गेली.

२. बंधाऱ्याच्या पायथ्याशी एक नळी आहे, तिच्यातून पाझराचे पाणी बाहेर येते. त्या नळीखाली बादली धरून ती किती सेकंदांत भरते, हे दरमहा आपल्या छापील तक्त्यात लिहून पाठवायचे असते. पत्नीचा आकडा अकरा वर्षे शंभराच्या आसपास राहिला. ती गेल्यावर अर्जदाराने तीन महिने तक्ता भरला. चाळीस, एकेचाळीस, एकोणचाळीस. वेळ अचूक होती, त्याबद्दल अर्जदार कोणाचेही ऐकून घेणार नाही. मात्र आपल्या कार्यालयाने पाझर अडीचपट वाढल्याचा निष्कर्ष काढून नोटीस धाडली.

३. चूक अर्जदाराच्या मेहुणीने पकडली. बंधाऱ्याच्या खाली तिची रोपवाटिका आहे. नोटिशीचे कळताच ती तरातरा वर आली, अर्जदार मोजत असताना कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "भावजी, ही फरशी पुसायची बादली आहे. ताईची वीस लिटरची होती." फरशीची बादली आठ लिटरची निघाली. आपल्या तक्त्यात बादली केवढी, हे विचारलेलेच नाही. पत्नीची बादली मागच्या दाराशी होती, हे अर्जदाराला माहीत होते. तिच्यात तिचे गमबूट उभे होते. ते काढायला हात धजत नव्हता, म्हणून दुसरी घेतली. त्या दिवशी गमबूट काढले. आकडा सत्त्याण्णव आला.

४. हा आकडा घेऊन अर्जदार आपल्या कार्यालयात आला. तक्ता फक्त मालकच दुरुस्त करू शकतो, असे लिपिकाने सांगितले. मालकीण हयात नाही आणि तसा दाखला फाईलमध्ये आहे, हे अर्जदाराने नजरेस आणून दिले. लिपिकाने फाईल उघडून खात्री केली. "काका, मयताचा दाखला लागलाय, पण मयताची संमती लागलेली नाही." लिपिक स्वभावाने चांगला आहे, त्याने खुर्चीही दिली. तिसऱ्या खेपेस अर्जदाराने त्याचे बंद पडलेले मनगटी घड्याळ जागेवर चालू करून दिले. संमतीचे मात्र पुढे काही सरकले नाही.

५. एवढ्यावरच अर्जदाराने नोटीस मागे घेण्याची मागणी करून हा अर्ज संपवला असता, कारण ती चुकीची ठरवायला त्याच्याकडे आता पुरेसा पुरावा होता. पण तक्त्यांच्या प्रती जोडण्यासाठी त्याने पत्नीची वही उघडली. शेवटच्या पानावर, दवाखान्यात नेण्याच्या आदल्या दिवशी, तिने लिहिले आहे : "डावे टोक, झाडाखाली, माती ओली. पाऊस नाही. उद्या परत बघणे."

ते कोणीच परत पाहिले नाही. अर्जदार गेला. माती इतकी मऊ आहे की काठी वीतभर आत जाते, आणि तिथून झिरपणारे पाणी गढूळ आहे. पत्नी सांगायची की पाझर स्वच्छ असेल तोवर घोर नाही, गढूळ झाला की भिंतीची माती आतून वाहू लागली असे समजायचे. आपले निरीक्षक गेल्या महिन्यात येऊन गेले, पण ते भिंतीवर उभे राहिले, दोन फोटो काढले आणि बूट खराब होतील म्हणून खाली उतरले नाहीत.

६. बंधाऱ्याखाली तीन घरे व रोपवाटिका आहे. तिन्ही घरे अर्जदाराच्या सांगण्यावरून सध्या नातेवाइकांकडे गेली आहेत. मेहुणी आधी म्हणाली, "ताईसमोर कधी असा हुकूम सोडला होतात का?" मग वहीतले पान वाचले आणि सामान बांधले. तिच्या रोपांचे साठ ट्रे अर्जदाराच्या बैठकीच्या खोलीत व पलंगावर आहेत. अर्जदार दुकानातल्या बाकावर झोपतो. टोमॅटोला ऊन हवे म्हणून घड्याळांची काचेची पेटीही खिडकीतून हलवावी लागली.

७. आपल्या नोटिशीनुसार पाणी कार्यालयाच्या प्रतिनिधीसमोरच सोडायचे आहे. प्रतिनिधी परवानगी झाल्यावर येतो आणि परवानगीला तीस दिवस लागतात. मुदत मात्र पंधरा दिवसांची आहे. अर्जदाराने हा हिशेब तीनदा केला आणि काल सकाळी झडप स्वतःच उघडली. आजपर्यंत पाणी चार फूट उतरले आहे. याबद्दल कारवाई करायची असल्यास ती अर्जदारावर करावी, मेहुणीवर नाही. तिने फक्त चाक फिरवायला हात लावला.

८. तरी विनंती, की खाली उतरणारा एखादा अभियंता दोन दिवसांत पाठवावा. भिंत दुरुस्त होण्यासारखी असेल तर अर्जदार दुरुस्त करून घेईल. बंधारा कायमचा फोडावा लागणार असेल, तरीही त्याची हरकत नाही. अशा वेळी आदेशात कारण "वाढीव पाझर" असे लिहू नये. डाव्या टोकाची ओल असे लिहावे, आणि ती सर्वप्रथम मालकिणीने पाहिली, अशी तारखेसह नोंद करावी.

आपल्या माणसाची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही)
बंधाऱ्याच्या मालकिणीचा नवरा
दिनांक : १४, सोमवार

सोबत :
१) वहीच्या शेवटच्या पानाची प्रत. मूळ वही मिळणार नाही.
२) मृत्यूचा दाखला, पाचवी प्रत.
३) डाव्या टोकाच्या पाण्याची बाटली. लिपिकाने कृपया उभी ठेवावी आणि हलवू नये, गाळ किती बसतो ते अभियंत्यांना पाहता यावे.