वॉफलचा उपास

३ डिसेंबर

आजही नाही! गोठवलेला उंदीर कोमट पाण्यात ठेवून गरम केला, चिमट्याने समोर धरला — वॉफलने तोंड फिरवलं. आठवा आठवडा. हा छोट्या जातीचा अजगर माझ्या बायकोच्या, जोनच्या हौसेचा. ती ऑगस्टमध्ये वारली आणि हा आला माझ्या गळ्यात.

६ डिसेंबर

डेटनला सापांच्या प्रदर्शनात गेलो. जोनने वॉफल ज्याच्याकडून घेतला तो म्हातारा ऑर्विल तिथेच होता. टेबलाशी ही गर्दी! एका बाईला सांगत होता, "भुंकत नाही, केस गळत नाहीत, फिरवायला न्यायचं नाही. घाबरला तरी चावायला येत नाही, वेटोळं करून डोकं आत! दोन महिने जेवला नाही तरी कुरकुर नाही. याच्याइतकं गुणी जनावर दाखवा मला!" बाईने लगेच घेतला.

माझी तक्रार ऐकून हसला. "हिवाळ्यात असंच असतं रे. वजन उतरत नाही ना? मग झालं तर! दर रविवारी तोलत जा."

७ डिसेंबर

१४१० ग्रॅम. ठीक.

टेसला जेवायला हाक मारली. "भूक नाही बाबा. मैत्रिणीकडे खाल्लं." ताट झाकून ठेवलं. सोळाव्या वर्षी पोरी घर डोक्यावर घेतात म्हणे. हिचा काही त्रास नाही. काही मागत नाही, बोलत नाही. गुणी पोर.

१४ डिसेंबर

१४०८.

२१ डिसेंबर

१४०८.

जोनची बहीण ल्युसिल मॅकरोनीचं भांडं घेऊन आली. टेसला बघून दारातच थबकली. मला स्वयंपाकघरात ओढलं — "डोळे फुटलेत का तुझे? पोरीच्या अंगावर स्वेटर खुंटीला टांगल्यासारखा दिसतोय!"

माझ्या तोंडून निघून गेलं, "हिवाळ्यात असंच असतं."

ल्युसिल भांडं आपटून निघून गेली. वाईट वाटायला हवं होतं. ऑगस्टपासून मला काही वाटतच नाही. मॅकरोनी मी एकट्यानेच खाल्ली, दोन दिवस.

२८ डिसेंबर

१४०५. ऑर्विलला फोन केला. म्हणाला, पाच ग्रॅमने काय होतंय!

४ जानेवारी

१४०५. टेस दुपारभर झोपून. उठवली नाही.

९ जानेवारी

शाळेतून फोन. टेस जिन्यात कोसळली.

इस्पितळात तोललं. शहाऐंशी पौंड, म्हणजे जेमतेम एकोणचाळीस किलो. डॉक्टर बाईंनी विचारलं, "पोटभर शेवटची कधी जेवली होती?"

सांगता येईना. सापाची तारीख तोंडपाठ होती — नऊ ऑक्टोबर, गुरुवार.