बाबांची उजवी बाजू

ता. ३ जुलै

चि. गुंड्यास,
अनेक आशीर्वाद.

तू धरणावर क्रेनच्या खोक्यात बसून ढगांशी गप्पा मारत असशील. इथे घरात मात्र कोणी कोणाशी धड बोलत नाही. फोनवर सांगायचं, तर तुमच्या साइटवरच्या त्या एकुलत्या एक फोनभोवती सगळे कान टवकारून उभे असतात. म्हणून लिहिते.

परवा सकाळी बाबांच्या व्हॅनचा धक्का शिंपीकाकांच्या सायकलला लागला. शाळेजवळच्या चौकात. व्हॅनमध्ये मुलं होती, त्यांना खरचटलंसुद्धा नाही. काका मात्र पडले आणि उजवं मनगट मोडलं. कात्री धरायचा हात.

वस्तीने 'सावकाश' मंडळ काढलं ते तू गेल्यानंतर, म्हणून थोडं सांगते. शाळेच्या फाटकाशी पालकांच्या गाड्यांची झुंबड उडायची, त्यात चालणाऱ्यांचा आणि सायकलवाल्यांचा जीव टांगणीला लागायचा. मग लोकांनीच चौकात पट्टे रंगवून घेतले, गतिरोधक घालायला लावले, सायकलवाल्यांना चमकणारी पिवळी जाकिटं वाटली. शाळेच्या वेळेला आम्ही आळीपाळीने झेंडा घेऊन चौकात उभे राहतो. आणि घरोघरच्या गाड्या येऊच नयेत म्हणून निवृत्त चालक व्हॅनमधून मुलं नेतात. हे सगळं बाबांनी उभं केलं. त्यामुळे आता सगळे काकांनाच दोष देताहेत. उभ्या आयुष्यात ज्यांच्या बसला ओरखडा उठला नाही त्यांची चूक कशी असेल, असं जो तो म्हणतो.

बाबांच्या मते सायकल आभाळातून पडली. पण काकांच्या अंगात पिवळं जाकीट होतं, गुंड्या. ते मला पार बेकरीपासून दिसलं. मी दिवसभर दवाखान्यात लोकांचे डोळे तपासते, म्हणून बाबांना म्हटलं की एकदा बाजूची नजर तपासून घेऊ. ते उसळले. म्हणाले, तुझ्या तक्त्यावरची शेवटची ओळ वाचून दाखवली, आता काय छापखान्याचं नाव वाचू?

तू त्यांना लिही. तुझं ऐकतील. माझ्यावरची माया आहे तेवढीच राहू दे.

तुझी,
ताई


ता. ८ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. वाईट वाटलं, काकांबद्दलही आणि बाबांबद्दलही. पण खरं सांगू? तू जरा जास्तच करते आहेस. दवाखान्यात काम करणाऱ्याला रस्त्याने जाणारा प्रत्येक माणूस आजारी दिसतो. बसची नोकरी संपल्यावर बाबा वर्षभर खिडकीशी बसून होते, ते विसरलीस का? त्या व्हॅनने त्यांना खुर्चीतून उठवलं. आता तूच त्यांच्या हातातून किल्ली काढून घेणार?

एक अपघात झाला. कोणाच्याही हातून होतो. आई काय म्हणते तेही कळव. ती गप्प असेल तर तिचा कौल बाबांकडेच आहे असं समज.

राग आला तर पत्रातून भांड, पण लिहायची थांबू नकोस.

तुझा,
गुंड्या


ता. ९ जुलै

चि. गुंड्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या ताईने तुला तारा केल्याच असतील. माझंही ऐकून घे.

शिंपी माणूस भला आहे, पण त्याने बघून यायला नको? अंगात जाकीट होतं म्हणतात. असेल. मला तर दिसलं नाही बुवा. मी त्याला बघायला गेलो होतो. त्याने तोंड फिरवलं. म्हणजे धडकायचं यांनी आणि फुगायचंही यांनीच!

घरातही माझी दशा काही वेगळी नाही. तुझी आई हल्ली मांजरीच्या पावलांनी चालते. शेजारी येऊन उभी राहते आणि एकदम बोलते, की मी दचकतोच. पाण्याचा पेला टेबलाच्या कडेला ठेवायची तिची खोड जात नाही. दोन फुटले, आणि बोलणी मला. दाराच्या चौकटी कोणी अरुंद करून ठेवल्या देव जाणे, उजवा खांदा काळानिळा झालाय. म्हातारपणी घरसुद्धा वैर धरतं.

असो. व्हॅनचा पोचा काढून झाला. पोलिसांनी जबाब घेतला आणि मला सोडलं. येत्या सोमवारपासून पुन्हा मुलं न्यायला लागणार. मी नाही म्हटलं तर पालक परत आपापल्या गाड्या काढतील, आणि मग शाळेच्या फाटकाशी काय होईल ते सांगायला नको.

तू जपून राहा. उंचावरून खाली वाकून बघू नकोस.

तुझा,
बाबा


ता. १३ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितोय. आमचा फोन बंद पडलाय. सिमेंटचा ट्रक खाली निघालाय, त्याचा चालक तुमच्या बाजूने जातो. हे पत्र हातोहात घरी देईन असं त्याने कबूल केलंय.

बाबांचं पत्र आलं. ताई, शेजारी उभ्या आईला ते दचकतात. उजवा खांदा चौकटीला आपटतो. पेले फुटतात. हे सगळं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय, आणि दोष आईला, पेल्यांना, चौकटींना दिलाय. वाचताना मला आधी हसू आलं. मग पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

क्रेनवरून मला जिथलं दिसत नाही तिथे खाली खुणा करणारा माणूस उभा असतो. तो नसेल तर मी दांड्याला हात लावत नाही, कारण तिथलं मला दिसत नाही हे मला माहीत असतं. बाबांना ते माहीतच नाही. ते खोटं बोलत नाहीत, ताई. त्यांच्यापुरता तो सायकलवाला खरंच तिथे नव्हता.

मागच्या पत्रात मी तुला नको ते बोललो. ते फाडून टाक. सोमवारी व्हॅन निघू देऊ नकोस. काय वाटेल ते कर, माझं नाव सांग, चाकाखाली दगड घाल, पण निघू देऊ नकोस.

पोच लगेच दे. मी इथे जागचा हलू शकत नाही.

तुझा,
गुंड्या


ता. १७ जुलै

चि. गुंड्यास,
अनेक आशीर्वाद.

व्हॅन निघाली नाही. हे आधी वाच, मग बाकीचं.

तुझा ट्रकवाला रविवारी संध्याकाळी आला. मी तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. तिने पदर तोंडाला लावला. म्हणाली, मला कधीचं कळत होतं, पण त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? मग मी बाबांपाशी गेले, विनवलं, भांडले. किल्ली त्यांनी खिशात घातली आणि पाठ फिरवून झोपले. मंडळाच्या सगळ्यांची दारं ठोठावली. ते म्हणाले, बाबांना आम्ही कसं सांगणार? बाबा म्हणजेच मंडळ.

सकाळी मुलं व्हॅनमध्ये बसली. बाबांनी इंजिन सुरू केलं. आई अंगणाच्या फाटकात उभी राहिली, फाटक न उघडता. मी पिवळं जाकीट घातलं आणि व्हॅनच्या उजव्या अंगाला, पुढच्या चाकापाशी जाऊन उभी राहिले. अगदी गप्प. त्यांनी माझ्याकडे बघावं असं मला किती वाटत होतं, ते तुला सांगता येणार नाही. बघितलं असतं तर मी हरले असते, आणि आनंदाने हरले असते.

ते समोर आईकडे बघत होते. त्यांनी हाक मारून विचारलं, की ताई कुठे उलथली, आज चौकात झेंड्याची पाळी तिची आहे ना?

आईने फाटकाची कडी घट्ट धरली. मागून एक पोरगी खिदळली. म्हणाली, आजोबा, ताई तर तुमच्याजवळच उभी आहे! सगळी मुलं हसायला लागली. त्यांना वाटलं, बाबा गंमत करताहेत.

बाबांनी पूर्ण मान वळवली तेव्हा मी त्यांना दिसले. त्यांनी माझ्याकडे, जाकिटाकडे, मग पुन्हा समोर बघितलं. पुन्हा मान वळवली. मग इंजिन बंद केलं. हात स्टीअरिंगवरच होते, ते बराच वेळ निघेनात. मी दार उघडलं, तेव्हा एवढंच म्हणाले, की मुलांना उशीर होईल, आपण चालत नेऊ.

सगळ्यांना रांगेत घेऊन आम्ही चालत गेलो. वाटेत त्यांनी माझा हात धरला होता. मी रडले नाही. दवाखान्यात पोचल्यावर औषधांच्या खोलीत जाऊन रडले.

उद्या त्यांची तपासणी आहे. तू मनाने जवळ राहा.

तुझी,
ताई


ता. २१ ऑगस्ट

चि. गुंड्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उशीर झाला लिहायला. काय लिहावं तेच सुचत नव्हतं.

तपासणीच्या यंत्रात डोकं घालून बसलो. दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. मी वाट बघत बसलो, दिवा काही लागेना. शेवटी ताईला म्हटलं, यंत्र बिघडलंय. तिने यंत्रातून निघालेला कागद माझ्यापुढे धरला. दिवे लागत होते, बाळा. काचबिंदू आहे. उजव्या डोळ्याची बाजूची नजर जवळजवळ गेली, डाव्याची जायला लागली होती. गेलं ते परत येत नाही, उरलंय ते थेंबांनी राखायचं. दुखलं नाही, खुपलं नाही. चोर आला आणि घर धुऊन गेला.

पोलिसांकडे जाऊन जबाब बदलला. मंडळाच्या सभेतही उभा राहिलो आणि सांगितलं, की चूक शिंप्याची नव्हती, माझी होती. वाटलं होतं, कोणी तरी असू द्या म्हणेल. कोणी म्हटलं नाही, आणि ते बरंच झालं. आता चालकांना नुसता तक्ता वाचून भागत नाही, बाजूची नजरही तपासतात. माझ्याखेरीज आणखी एक जण त्यात अडकला. तो माझ्याशी बोलत नाही. व्हॅन बेकरीवाली चालवते, आणि चांगली चालवते, हे कबूल करताना जीभ जड होते. जवळच्या मुलांना मी पायी नेतो. रस्त्यावर उतरल्यावर कळलं, की बसच्या उंचीवरून माणसं किती लहान दिसायची.

शिंप्याच्या दुकानातही जातो. त्याचं प्लास्टर निघालं, पण बोटं अजून मिटत नाहीत. शिवण त्याची बायको करते आणि इस्त्रीचा ढीग पडून राहतो. मी विचारलं नाही, इस्त्री हातात घेतली. कपडा समोरच असतो, तेवढं दिसतं. शिंपी एक अक्षर बोलत नसे. मी दुपारभर कपडे इस्त्री करायचो आणि घरी यायचो.

काल पहिल्यांदा बोलला. म्हणाला, बाहीची घडी चुकलीय, पुन्हा करा.

मी पुन्हा केली.

कळावे. या म्हाताऱ्यावरचा लोभ कमी होऊ देऊ नये.

तुझा,
बाबा