न पाहिलेले सोळा दिवस

अक्का,

परवा माझ्या बालवाडी-शिक्षिकांच्या वर्गातली एक मुलगी तास संपल्यावर मागे थांबली. बालवाडीतलं एकच मूल वीस दिवस, रोज दोन तास पाहायचं आणि दिसेल तेवढंच वहीत उतरवायचं, हे काम मी दरवर्षी देते. तुम्ही आम्हांला द्यायचात तसंच. ती म्हणाली, "मॅडम, यातले दोन दिवस मी गेलेच नव्हते. मनानेच लिहिलंय. त्याचे मार्क कापा." बाकीच्या मुली अजून दारातच होत्या. त्यांच्यादेखत मी तिला इतकं बोलले की ती रडायला लागली. असं करणाऱ्यांनी मुलांच्या आसपाससुद्धा फिरकू नये, असं मी म्हणाले. बोलताना माझा आवाज चढत गेला तो तिच्यामुळे नव्हे, हे मला तेव्हाच कळत होतं. ती मुलगी वही माझ्या टेबलावर ठेवून गेली आहे आणि दोन दिवस मी ती उघडलेली नाही.

आम्ही तंजावूरच्या त्या कॉलेजात आलो तेव्हा गल्लोगल्ली इंग्रजी नर्सऱ्या निघत होत्या आणि प्रत्येकीला शिकलेली टीचर हवी होती. अकरा जणी होतो आम्ही. तुम्ही बालविकास शिकवायचात आणि आवारातली छोटी नर्सरीही तुमच्याच हाताखाली होती. बाकीच्या मुलींसारखी मीही तुम्हांला मिस म्हणत असे. आमच्या घरीही तुमच्यासारखी जुनी तंजावुरी मराठी बोलतात हे कळल्यावर एका रविवारी तुम्ही मला घरी बोलावलंत. "घरांत मिस नको गे, अक्का म्हण," म्हणालात. मी तुमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसले आहे, पानात भात आणि डांगर पचडी आहे, आणि तुम्ही उभ्यानेच माझ्या वहीचं पहिलं पान वाचताय. मी लिहिलं होतं, 'मूल आनंदी आहे.' तुम्ही विचारलंत, "आनंदी म्हणजे काय? तुज कसं कळलं?" मी म्हटलं, ती हसत होती. "मग तसं लिही. कोणाकडे पाहून हसली? तेव्हा हात कोठे होते? किती वेळ? तुझं मत मज नको. तू काय पाहिलंस तें सांग." मला राग आला होता. पण ती गोष्ट मी पक्की शिकले, आणि पुढे तिचा जो उपयोग केला तो तुम्हांला कधी सांगितला नाही.

मला दिलेलं मूल म्हणजे चार वर्षांची एक मुलगी. तिची आई तिरुवैयारूला ब्लाउज शिवायची आणि रोज टाउन बसने मुलीला घेऊन तंजावूरला यायची. गावात नर्सरी असताना एवढ्या लांब का, तर कॉलेजच्या शाळेत शिकलेल्या बायका आहेत, पोर नीट का बोलत नाही ते त्यांना समजेल, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. पहिले चार दिवस मी खरोखर पाहिलं. ती इतर मुलं उठली की उठायची, बसली की बसायची. तिसऱ्या दिवशी मी लिहिलं, 'गाण्याच्या वेळी टाळी सगळ्यांच्या नंतर वाजवते.' अक्का, ते एक वाक्य खरं होतं. मी पुढे पाहत राहिले असते तर तेवढ्यावरून सगळं उलगडलं असतं.

पाचव्या दिवसापासून मी गेले नाही. भांड्यांच्या एका दुकानावर कॉम्प्युटर क्लास निघाला होता आणि मुलींची बॅच सकाळी दहाचीच होती. मद्रासचा माझा चुलतभाऊ म्हणायचा, लहान पोरांची नाकं पुसण्यात आयुष्य घालवणार आहेस का, पुढचे दिवस कॉम्प्युटरचे आहेत. मी नर्सरीत हजेरी लावायची आणि मागच्या फाटकातून निघायची. तुमचा त्या वेळी सीनियर मुलींचा तास असायचा आणि नर्सरीतली टीचर एकटी चाळीस पोरांत गुंतलेली. दुपारी घरी बसून मी वही लिहायची. 'दहा वाजून बारा मिनिटांनी उजव्या हाताने लाल मणी उचलला.' 'मागून नावाने हाक मारली, मान वळवून पाहिलं.' 'गोष्ट ऐकताना ओठ हलवले.' मूल हळूहळू सुधारत गेलेलं दिसलं की मार्क चांगले पडतात, हे मला ठाऊक होतं. म्हणून माझ्या वहीतली मुलगी सुधारत गेली. विसाव्या दिवशी ती गाणं म्हणत होती.

ती वही तुम्ही वर्गात वाचून दाखवलीत. पाहणं म्हणजे काय ते हिच्याकडून शिका, म्हणालात. आणि मग स्टाफरूममध्ये बोलावून स्वतःच्या हातातलं घड्याळ काढून मला दिलंत. "तू वेळ नीट टिपतेस. हें तुझ्या कामाला येईल." त्याचा पट्टा अजून कोमट होता. मी वाकून नमस्कार केला.

दोन-तीन आठवड्यांनी ती आई व्हरांड्यात तुमच्यासमोर उभी होती. सगळं तमिळमध्येच चाललं होतं. ती म्हणाली, "टीचर, हिला ऐकू येतं ना? घरी मी पाठीमागून हाका मारते तर ढिम्म. हे म्हणतात हट्टी आहे." तुम्ही मला हाक मारलीत. "आमच्या या मुलीने तुमच्या लेकीला वीस दिवस जवळून पाहिलंय," असं तिला सांगून माझ्याकडे वळलात. "हाक मारल्यावर वळते ना ती?" मला अजून तो व्हरांडा दिसतो. पायरीवर ती पोर एका हाताने आईची साडी धरून बसली आहे, आमच्यातलं कुणीच तिच्याकडे पाहत नाही. आताच मागून टाळी वाजवून बघू या, एवढं म्हणाले असते तरी पुरे होतं. मी म्हणाले, "होय मिस. वळते." आईचा चेहरा एकदम सैल पडला. तुम्ही तिला म्हणालात, लाजरी आहे, थोडा वेळ द्या.

तो थोडा वेळ म्हणजे सव्वा वर्ष झालं. तोवर कॉम्प्युटरचं माझं काही जमलं नव्हतं आणि त्या वहीच्या मार्कांवर मी त्याच नर्सरीत मदतनीस टीचर म्हणून लागले होते. ती मुलगी शेजारच्या वर्गात होती. दारातून ती समोरच दिसायची. मी तिच्याकडे पाठ करून माझा वर्ग घ्यायची. शेवटी त्रिचीच्या डॉक्टरने तपासून सांगितलं की दोन्ही कानांनी फार थोडं ऐकू येतं, आधी आणलं असतं तर बोलणं बरंच पुढे गेलं असतं. आई शाळा सुटायच्या वेळी आली आणि सगळ्यांसमोर तुम्हांला ओरडून विचारलं, "मी तुम्हांलाच विचारलं होतं की नाही? नीट पाहिलं तरी होतंत का?" मी चार पावलांवर मुलांच्या पाण्याचे पेले गोळा करत होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. म्हणालात, "चूक माझी आहे अम्मा. मी स्वतः पाहायला हवं होतं." एवढंच. वहीचं नाव काढलं नाहीत, माझंही नाही.

त्या संध्याकाळी तुम्ही मला घरी बोलावलंत. कॉफी दिलीत. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी गेलात आणि माझ्याकडे न वळता विचारलंत, "तुज कांही सांगायचं आहे का?" अक्का, तुम्हांला कळलं होतं. इतक्या हळू आवाजात कुणी उगाच विचारत नाही. मी "नाही" म्हणाले आणि कॉफी पूर्ण प्यायले. तुम्ही "बरं" म्हणालात. त्यानंतर तुम्ही मला कधी रागावला नाहीत, कधी घरीही बोलावलं नाहीत.

पुढच्या महिन्यात कॉलेजने नर्सरी तुमच्याकडून काढून घेतली. तुम्ही फळ्यासमोर तास घेत राहिलात आणि दर गुरुवारी दुपारी त्या मायलेकींबरोबर बसने त्रिचीला जात राहिलात. कानाचं यंत्र बसवण्यापासून ओठ वाचायला शिकवणाऱ्या बाई शोधण्यापर्यंत सगळं तुम्ही केलंत. एकदा बसस्टँडवर मी तुम्हांला पाहिलं. तुम्ही त्या पोरीसमोर उकिडव्या बसून, तोंड मोठं करून एकच शब्द पुन्हापुन्हा म्हणत होतात आणि ती तुमच्या गळ्यावर हात ठेवून हसत होती. मी खांबाआड झाले आणि दुसऱ्या बसने घरी गेले. वर्षाच्या आतच माझं लग्न ठरलं नि मी पुण्याला आले. तुमच्याकडे पत्रिका द्यायला माझे वडील एकटेच गेले.

तुम्ही गेल्याचं माझ्या मावसबहिणीने फोन करून सांगितलं. त्या मायलेकी आल्या होत्या, मुलगी आता मोठी झालीय, बोलते, थोडं अडखळत पण बोलते, तिने हंबरडा फोडला, असं बहीण सांगत होती. मी "अरेरे" म्हटलं, केव्हा झालं, काय झालं होतं, ते सगळं विचारलं. फोन ठेवला. डोळ्यांत पाणी आलं, पण ते नंतर. आधी मला हलकं वाटलं, अक्का. आता कुणाला सांगावं लागणार नाही, असं वाटलं.